नदीची नाडी

घरात कोणी आजारी पडले तर आपण काय करतो? आधी कपाळाला हात लावून पाहतो. अंग तापले असेल तर डॉक्टरकडे नेतो. डॉक्टर नाडी पाहतात, जीभ पाहतात, डोळे पाहतात. मग विचारतात, "कधीपासून बरं वाटत नाही? काल काय खाल्लं होतं?" हे सगळे ते कागदावर लिहून घेतात. मग औषध देतात.

नदीचेही असेच आहे. नदीलाही दुखणे येते. तिचाही रंग बदलतो, वास बदलतो. पण नदी बोलत नाही. तिचे दुखणे आपणच ओळखावे लागते. त्यासाठी तिची नाडी पाहावी लागते. ती कशी पाहायची, पाहिलेले कसे लिहायचे आणि लिहिलेल्याचा उपयोग काय, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

हा पाठ आम्ही देवगाव फाट्याच्या आसपासच्या गावांसाठी लिहिला आहे. पण ज्या गावाजवळून नदी किंवा ओढा वाहतो, त्या प्रत्येक गावाला तो कामाचा आहे.

१. आपली नदी कोठून येते?

देवगाव फाटा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. इथून एक रस्ता सेलूला जातो, एक जिंतूरला आणि एक मंठ्याहून जालन्याला. फाट्यावर उभे राहिले की कोणती गाडी कोठून आली हे आपण लगेच सांगतो. पण नदीचे पाणी कोठून आले, हे विचारले तर? पुष्कळांना सांगता येत नाही.

आपल्या सेलू तालुक्यातून दुधना नदी वाहते. ती जालना जिल्ह्यातून आपल्याकडे येते. जालना शहरातून कुंडलिका नदी वाहते. ती पुढे दुधनेलाच मिळते. दुधनेवर सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ मोठे धरण आहे. त्याला निम्न दुधना प्रकल्प म्हणतात. धरणाच्या खाली दुधना पुढे जाऊन पूर्णा नदीला मिळते. पूर्णा जाऊन गोदावरीला मिळते. गोदावरीला आपल्याकडे गंगाच म्हणतात. गंगाखेड या गावाच्या नावातच ती आहे. त्र्यंबकेश्वरजवळ निघालेली ही गंगा सुमारे १४६५ किलोमीटर वाहत जाऊन आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते.

आता विचार करा. वरच्या गावाने नदीत जे टाकले, ते खालच्या गावाच्या घागरीत येते. आपण जे टाकतो, ते आपल्याही खालच्या गावाच्या घागरीत जाते. नदीकाठी राहणारा प्रत्येक गाव कोणाचा तरी वरचा आहे आणि कोणाचा तरी खालचा आहे.

म्हण आहे, नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये. ऋषीच्या कुळाचे राहू द्या. पण नदीचे मूळ आज शोधलेच पाहिजे. पाणी कोठून आले, वाटेत त्यात काय काय मिसळले, हे कळल्याशिवाय त्या पाण्यावर विसंबू नये.

२. नदी आजारी का पडते?

नदीच्या दुखण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यातली मुख्य पाच कारणे पाहू.

पहिले कारण मैला. गावाचे, शहराचे सांडपाणी गटारातून ओढ्यात येते आणि ओढ्यातून नदीत येते. काठावर शौचास बसण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे. पहिला पाऊस आला की ती सगळी घाण नदीत उतरते. पटकी, हगवण, विषमज्वर, कावीळ हे रोग अशा पाण्यातून पसरतात.

दुसरे कारण शेतातली औषधे. कपाशीवर, सोयाबीनवर आपण फवारणी करतो. काम झाले की पंप कोठे धुतो? पुष्कळदा ओढ्यातच. औषधाची रिकामी बाटली कोठे फेकतो? काठावर. हे औषध किडीला मारते, तसेच ते माशाला मारते, बेडकाला मारते. गुरांनी ते पाणी प्यायले तर गुरांनाही बाधते.

तिसरे कारण खत. शेताला घातलेले खत पावसाबरोबर वाहून येते. खताने पीक वाढते, तसेच पाण्यातले शेवाळही वाढते. डोह हिरवागार दिसतो. बघणाऱ्याला वाटते, किती छान! पण ते दुखण्याचे लक्षण आहे. खताचा नायट्रेट नावाचा अंश जमिनीत मुरून विहिरीतही उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे आपल्या देशाचे प्रमाण आहे. त्याहून जास्त झाले तर तान्ह्या मुलांना धोका असतो. ते पाणी उकळले तरी नायट्रेट जात नाही.

चौथे कारण कारखान्याचे पाणी. साखर कारखान्याची मळी, रंगाचे पाणी, रसायनांचे पाणी हे शुद्ध न करता सोडले तर मैलोन् मैल नदी नासते.

पाचवे कारण वाळूचा उपसा. हे ऐकून काहींना नवल वाटेल. वाळू काढल्याने पाणी घाण कसे होईल? सांगतो. नदीची वाळू म्हणजे नदीची गाळणी आहे. वाळूतून झिरपताना पाण्यातला गाळ अडतो. उन्हाळ्यात वरची नदी कोरडी दिसते, पण वाळूच्या पोटात पाणी असते. म्हणून तर बायका वाळूत झिरे खणतात आणि वाटीवाटीने पाणी भरतात. वाळू गेली की गाळणी गेली आणि झिराही गेला.

या सगळ्यावर आणखी एक गोष्ट आहे. आपला मुलूख कमी पावसाचा. चिमूटभर मीठ घागरीत टाकले तर कळत नाही. तेच मीठ पेल्यात टाकले तर पाणी खारट होते. नदीत पाणी भरपूर असते तेव्हा थोडी घाण पातळ होऊन जाते. उन्हाळ्यात पाणी आटते आणि तीच घाण दाट होते. म्हणून दुष्काळी मुलखातल्या माणसाने नदीला जास्त जपायला हवे.

३. मासे का मरतात?

एखाद्या सकाळी डोहावर मासे पांढरे पोट वर करून तरंगताना दिसतात. लोक म्हणतात, कोणी तरी विष टाकले. कधी कधी ते खरे असते. पण पुष्कळदा विष न टाकताही मासे मरतात. कसे ते पाहा.

आपण हवेतला प्राणवायू घेतो. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. पाण्यात तो फार थोडा असतो. लिटरभर पाण्यात निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असला तर मासे नीट जगतात.

आता नदीत मैला आला किंवा मळी आली. ती खाऊन टाकणारे बारीक जंतू पाण्यात असतात. खायला भरपूर मिळाले की ते भराभर वाढतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. पाण्यातला सगळा प्राणवायू तेच वापरून टाकतात. माशाला काही उरत नाही. मासा गुदमरतो.

शेवाळ फार झाले तरी असेच होते. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते. पण रात्री ते स्वतःच प्राणवायू घेते. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वात कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन आ वासत असतील तर समजा, नदीला धाप लागली आहे.

इथे एक खूण लक्षात ठेवा. मरळ मासा वर येऊन हवेतला प्राणवायूही घेतो. म्हणून तो घाण पाण्यातही तगतो. डोहात मरळ आहे, म्हणून पाणी चांगले आहे, असे समजू नका. मरळीशिवाय दुसरे मासे आहेत का, ते पाहा.

४. निवळ दिसते ते शुद्ध असते का?

घरातली म्हातारी म्हणते, "पाणी तर निवळशंख दिसतंय. मग तपासायचं कशाला? आमच्या आज्या-पणज्या हेच पाणी प्याल्या."

आजीबाईंचे म्हणणे अगदीच खोटे नाही. त्यांच्या काळी फवारणीची औषधे नव्हती. शहरे लहान होती. पण त्या काळी पटकीची साथ आली की घरेच्या घरे ओस पडत, हेही आजीबाईंना ठाऊक आहे. तेव्हाचे पाणीही निवळच दिसत होते.

विलायतेतली एक खरी गोष्ट सांगतो. १८५४ साली लंडन शहराच्या एका वस्तीत पटकीची साथ आली. थोड्याच दिवसांत सहाशेहून अधिक माणसे दगावली. वस्तीत एक हातपंप होता. त्याचे पाणी स्वच्छ आणि चवीला चांगले म्हणून लोक मुद्दाम तेथून पाणी नेत. तेव्हा रोगजंतूंची माहिती लोकांना नव्हती. घाणेरड्या हवेने पटकी होते, असे मोठमोठे डॉक्टरही मानत.

जॉन स्नो नावाचा एक डॉक्टर मात्र दारोदार फिरला. कोणाच्या घरी कोण गेले? ते पाणी कोठले पीत होते? त्याने सगळे लिहून काढले. पुढे वस्तीचा नकाशा घेऊन मेलेल्यांच्या घरांवर खुणाही केल्या. खुणांची दाटी त्या एका पंपाभोवती झाली! नकाशा काढण्याआधीच स्नो आपल्या नोंदी घेऊन वस्तीच्या पंचांकडे गेला होता. पंचांनी पंपाचा दांडा काढून ठेवला. पुढे पाहणी केली तेव्हा पंपाच्या विहिरीला लागूनच मैल्याचा खड्डा सापडला. त्याचे पाणी विहिरीत झिरपत होते.

पटकीचा जंतू कॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८३-८४ साली ओळखला. त्यासाठी तो आपल्या कोलकात्याला आला होता. म्हणजे स्नोने जंतू पाहिलाच नव्हता. त्याच्या हाती फक्त वही होती. तरी त्याने रोगाचे मूळ शोधले.

ही जुनी गोष्ट झाली. आता आपल्याकडची ऐका. २०१२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजी शहरात काविळीची मोठी साथ आली. कारण होते दूषित पाणी. नळ आले, पक्के रस्ते आले, दवाखाने आले, तरी पाण्यावरचे लक्ष सुटले की रोग येतोच.

५. नाडी कशी पाहायची?

आठवड्यातून एकदा, एकाच वारी, एकाच वेळी, एकाच जागी जा. बाजाराचा दिवस सोडून कोणताही वार ठरवा. सकाळची वेळ चांगली. दोघे-तिघे मिळून जा. पुराच्या पाण्याजवळ जाऊ नका. पाणी चाखून कधीही पाहू नका. पाच गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट रंग. पावसाळ्यात पाणी मातकट असते, ते साहजिक आहे. पण पाणी काळपट, गर्द हिरवे किंवा तांबूस दिसले तर लिहा. वर तेलाचा तवंग किंवा दाट फेस असला तर लिहा. जलपर्णी पसरली असेल तर किती लांब पसरली ते पावलांनी मोजा.

दुसरी गोष्ट वास. मातीचा वास चांगला. कुजक्या अंड्यासारखा, मैल्याचा, मळीचा किंवा औषधाचा वास वाईट.

तिसरी गोष्ट अक्षर. तुम्ही आता अक्षरे शिकला आहात. त्यांचा इथे उपयोग करा. काचेची पांढरी, स्वच्छ बाटली घ्या. काठापासून जरा आत, वाहत्या पाण्यातून ती भरा. बाटलीच्या मागे हे पुस्तक धरा. पाण्यातून अक्षर दिसते का? नीट दिसले तर लिहा, "अक्षर स्पष्ट". धूसर दिसले तर लिहा, "अक्षर अंधुक". दिसलेच नाही तर लिहा, "अक्षर दिसत नाही". दर वेळी तीच बाटली आणि तेच पान घ्या.

चौथी गोष्ट जीव. उथळ पाण्यातला एखादा दगड उलटून पाहा. खाली काय आहे? खेकडे, झिंगे, चतुराची पिल्ले, निरनिराळे किडे असे पुष्कळ जीव दिसले तर नदी बरी आहे. नुसते दोऱ्यासारखे लाल किडे काळ्या गाळात वळवळत असतील तर नदी आजारी आहे. पाहून झाले की दगड होता तसा ठेवा. ते त्या जीवांचे घर आहे.

पाचवी गोष्ट पातळी. पुलाच्या खांबावर किंवा मोठ्या खडकावर रंगाने खूण करा. पाणी खुणेच्या किती वर आहे, किती खाली आहे, ते वितीने मोजा.

परत आल्यावर हात साबणाने धुवा.

६. नदीची वही

पाहिलेले सगळे त्याच दिवशी लिहा. घरात दुधाचा हिशेब लिहितो, बचत गटाची वही लिहितो, तशीच नदीची वही ठेवा. लिहायचे कसे, त्याचा हा नमुना पाहा.

तारीख : ५ जून. वेळ : सकाळी ७.
जागा : स्मशानाजवळचा डोह.
रंग : मातकट. वास : मातीचा.
अक्षर : अंधुक.
जीव : मासे दिसले. दगडाखाली खेकडे दोन.
पातळी : खुणेखाली तीन विती.
आणखी काही : पाऊस नाही.

तारीख : १२ जून. वेळ : सकाळी ७.
जागा : स्मशानाजवळचा डोह.
रंग : काळपट, वर फेस. वास : कुजका.
अक्षर : दिसत नाही.
जीव : मेलेले मासे वीस-पंचवीस. खेकडे नाहीत.
पातळी : खुणेखाली दोन विती.
आणखी काही : काल रात्री वरच्या बाजूला पाऊस झाला.

हा नुसता नमुना आहे. पण पाहा, या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की काय घडले ते कोणालाही कळते. सात दिवसांत नदी बिघडली. रात्रीच्या पावसाने वरून काही तरी आणले. आता ओढ्याच्या काठाने वर चालत जायचे. जेथे पाणी चांगले दिसते आणि त्याच्या खाली वाईट दिसते, त्या दोन जागांच्या मध्येच कोठे तरी दुखण्याचे मूळ आहे.

वहीत खरे तेच लिहा. ऐकीव गोष्ट लिहू नका. ज्याच्याशी भांडण आहे त्याचे नाव घालू नका. चांगले दिसले तर चांगले लिहा. बरे-वाईट दोन्ही लिहिणाऱ्या वहीवरच लोक विश्वास ठेवतात.

७. डोळ्यांना दिसत नाही ते कसे तपासायचे?

रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी तपासणी लागते.

२०१९ साली केंद्र सरकारने जल जीवन मिशन सुरू केले. त्यात प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचे, असे ठरले आहे. त्यांना तपासणीची पेटी मिळते. तिला किट म्हणतात. आपल्या गावात त्या पाच बायका कोण आहेत? पेटी कोठे आहे? ग्रामपंचायतीत विचारा. पेटी कपाटात पडून राहिली तर तिचा उपयोग नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षकही असतो. पाण्याचे नमुने पाठवणे हे त्याचे काम आहे.

जंतूंसाठी एक छोटी बाटली येते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे पडले तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची शक्यता मोठी. ते पाणी पिऊ नये. वाहत्या नदीच्या पाण्याने ही बाटली बहुधा काळी पडतेच. म्हणून नदीचे पाणी तसेच कधी पिऊ नये. ही बाटली मुख्यतः विहीर, हातपंप आणि नळ यांच्यासाठी वापरा. नदीकाठची विहीर आधी तपासा, कारण नदीचे पाणी तिच्यात झिरपते.

प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा असेल तर जंतूंच्या तपासणीची बाटली तेथूनच आणावी. तिच्यावर गाव, जागा, तारीख, वेळ लिहावी. नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत पोचवावा.

विहिरीच्या पाण्यात जंतू निघाले तर टीसीएल पावडर टाकतात. ती किती टाकायची? डोळे मिटून टाकायची नाही. हिशेब करायचा. विहिरीची रुंदी मीटरमध्ये मोजा. रुंदीला रुंदीने गुणा. त्याला पाण्याच्या खोलीने गुणा. आलेल्या आकड्याला ७८५ ने गुणा. इतके लिटर पाणी विहिरीत आहे.

समजा, गोल विहिरीची रुंदी ४ मीटर आणि पाण्याची खोली ५ मीटर आहे. ४ गुणिले ४ म्हणजे १६. १६ गुणिले ५ म्हणजे ८०. ८० गुणिले ७८५ म्हणजे ६२,८०० लिटर. ताजी, चांगली पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीला सुमारे ३१४ ग्रॅम पावडर लागेल. ती बादलीत कालवायची. चुना खाली बसू द्यायचा. वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळायचे. मग निदान अर्धा तास पाणी भरायचे नाही. हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. ही पावडर नदीत कधीही ओतू नका. तिने मासे मरतात.

८. वही घेऊन कोठे जायचे?

तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लेखी तक्रार फायलीत राहते.

पहिली जागा ग्रामसभा. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. सभेत वही वाचून दाखवा. आपल्या राज्यात गावाच्या पाण्याची पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्ड देतात. लाल कार्ड म्हणजे मोठा धोका. पिवळे म्हणजे मध्यम धोका. हिरवे म्हणजे पाण्याची निगा चांगली. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे सभेत विचारा. विचारायला लाजू नका.

दुसरी जागा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. हे मंडळ १९७० साली स्थापन झाले. कारखान्याचे किंवा शहराचे पाणी नदी नासवत असेल तर या मंडळाकडे लेखी कळवायचे. आपल्या देशात १९७४ साली पाणी प्रदूषणाचा कायदा झाला. जाणूनबुजून विषारी किंवा घाण पदार्थ नदीत, ओढ्यात, विहिरीत सोडणे या कायद्याने मना आहे. नद्या आणि तळी जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, असे आपल्या राज्यघटनेतही १९७६ साली लिहिले गेले.

अर्ज असा लिहा :

मा. सरपंच, ग्रामपंचायत ........ यांस,
आम्ही खाली सह्या करणारे गावकरी कळवतो की, दि. ........ रोजी सकाळी ........ वाजता ........ येथे नदीचे पाणी काळपट दिसले. त्यास कुजका वास होता. मासे मेलेले होते. मागील आठवड्यांच्या नोंदींची नक्कल सोबत जोडली आहे. तरी पाण्याचा नमुना तपासून घ्यावा व पाणी कशाने बिघडले त्याचा शोध घ्यावा, ही विनंती.

खाली सगळ्यांनी सही करावी. आता अंगठा नको. अर्जाची एक नक्कल आपल्याजवळ ठेवावी आणि कचेरीतून तिच्यावर पोच घ्यावी. पोच नसली तर अर्ज दिला की नाही, हेच पुढे सांगता येत नाही.

आपल्या एका वहीने काय होणार, असे मनात आणू नका. केंद्राच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ साली देशातले नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित असल्याचे सांगितले. त्यातले ५५ पट्टे एकट्या महाराष्ट्रात होते. इतके दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हते. मंडळाचे लोक ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी येतात. प्रत्येक ओढ्यावर, प्रत्येक आठवड्याला ते येऊ शकत नाहीत. तेथे आपणच आहोत.

९. दुसऱ्याला सांगण्याआधी

वरच्या गावाला नावे ठेवण्याआधी आपला काठ झाडला पाहिजे. म्हणून हे नियम आधी आपण पाळू.

फवारणीचा पंप शेतातच, पाण्यापासून दूर धुवावा.
उकिरडा काठावर करू नये.
काठावर शौचास बसू नये.
पिण्याच्या पाणवठ्यावर गुरे धुऊ नयेत. गुरांसाठी खालच्या अंगाला जागा ठेवावी.
घराचे सांडपाणी शोषखड्ड्यात सोडावे.
काठावरची झाडे, गवत तोडू नये. ते माती अडवते आणि खतही अडवते.
निर्माल्य आणि कागद-पिशव्या नदीत टाकू नयेत. नदीला हात जोडून तिच्याच तोंडात केर टाकणे शोभत नाही.

१०. आजारी नदी बरी होते का?

होते. लंडनची टेम्स नदी पाहा. १८५८ च्या उन्हाळ्यात तिला इतकी दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये बसणे अवघड झाले. मग मोठी गटारे बांधली. तरी घाण वाढतच गेली. १९५७ साली शास्त्रज्ञांनी सांगितले की शहराजवळच्या पाण्यात मासा उरलेला नाही, नदी मेली आहे. पण लोकांनी नदीचा नाद सोडला नाही. मैला शुद्ध करण्याचे कारखाने सुधारले. पाण्याची तपासणी चालू ठेवली. १९७४ साली त्या नदीत पुन्हा सामन नावाचा मासा सापडला. हा मासा स्वच्छ पाण्यावाचून राहत नाही. आज तेथे शंभराहून अधिक जातींचे मासे आहेत. काम अजून पुरे झालेले नाही, पण मेलेली म्हटलेली नदी जिवंत झाली.

त्या मानाने आपली दुधना, आपले ओढे लहान आहेत. लहान दुखणे वेळीच ओळखले तर औषध थोडे लागते. येत्या आठवड्यात एक वही आणा. पहिल्या पानावर नदीचे नाव लिहा. खाली तारीख घाला. मग बाटली घेऊन काठावर जा.

प्रश्न

१. आपल्या गावाजवळच्या ओढ्याचे पाणी पुढे कोणत्या नदीला मिळते?
२. आपल्या वरच्या बाजूला पहिले गाव कोणते? खालच्या बाजूला कोणते?
३. विष न टाकताही मासे कशाने मरतात?
४. डोहात मरळ दिसली म्हणून पाणी चांगले, असे का म्हणू नये?
५. विहिरीची रुंदी ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर आहे. पाणी किती लिटर? पावडर किती ग्रॅम?
६. आपल्या ग्रामपंचायतीला कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले आहे? विचारून लिहा.

कठीण शब्द

पटकी : कॉलरा.
विषमज्वर : टायफॉइड.
मळी : साखर कारखान्यात उसाच्या रसातून उरणारा दाट, काळा पदार्थ.
तवंग : पाण्यावर पसरलेला तेलाचा पातळ थर.
झिरा : वाळूत खणलेला पाण्याचा लहान खड्डा.
पोच : कागद मिळाल्याबद्दल कचेरीने दिलेली सही किंवा शिक्का.